समईला मिळालेल्या टाळ्या

प्रिय राजेश्वरी,

परवा तुझा फोन आला. माझं मागचं पत्र तुझ्या सृष्टीनं तिच्या शाळेच्या कार्यक्रमात वाचलं, टाळ्या पडल्या, आणि ‘आप्पा, काय सुंदर लिहिता हो तुम्ही!’ असं तू म्हणालीस. एरवी असं कौतुक ऐकून मी आठवडाभर परंड्याच्या बाजारात मिरवत हिंडलो असतो. या खेपेला घराबाहेर पडलो नाही. त्या पत्रात जे कळवायचं होतं, ते तुला कळलंच नाही पोरी. आणि चूक तुझी नाही.

भूमच्या शाळेत आमचे बलभीम गुरुजी कविता म्हणायला लागले की गळक्या पत्र्याखालची घमेली वाजायची थांबल्यासारखी वाटत. कुठला नदीकाठ, कुठली पाखरं, आमच्या कोरड्या मुलखात बसून सगळं दिसायचं. ते सांगत, दुःख लिहायचं तर आधी त्याला चांगलं नेसवा, मगच चारचौघांत आणा. मी ते इतकं मनावर घेतलं की साधं कार्डसुद्धा उपमेशिवाय टाकलं नाही. तुझ्या बाळंतपणाला आई निघाली, तेव्हा गाडीची वेळ लिहायच्या जागी मी ‘शुक्रतारा निरोप घेताना’ असं लिहिलं. जावईबापू तिला उतरवून घ्यायला यायचे तेव्हा आले. तोवर ती बिचारी डिंकाच्या लाडवांचं बोचकं मांडीवर घेऊन तुमच्या स्टँडवर उन्हात बसलेली.

उभी नोकरी मी एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्या. कुर्डूवाडीची गाडी लागली की लागली म्हणायचो, लोक धावत सुटायचे. आई त्यावरून टोमणा मारते, ‘परक्या माणसांस्नी तुमचं सरळ कळायचं, लेकीलाच का न्हाय?’ टाळ्यांचं ऐकून तर म्हणाली, ‘झालं! आता त्या टाळ्यांस्नीच बोलवा भाकरी थापायला.’ हसली, आणि हसता हसता उंबऱ्यावर टेकली. बराच वेळ उठली नाही.

म्हणून या वयात लिहायला नव्यानं शिकतोय. एक वाक्य लिहितो, त्यातलं गोड तेवढं खोडतो. उरतं ते लई उघडं दिसतं. बघवत नाही; कागद पालथा घालून पडून राहतो. मला वाटायचं, मी वाचणाऱ्यासाठी सजवतो. खरं तर सजवताना मला स्वतःला कमी दुखायचं. आता तेही बळ राहिलं नाही.

‘घरच्या समईची वात थरथरते आहे, ओंजळ धरणारं कुणी हवं,’ असं मी लिहिलं होतं. ती तुझी आई. तिच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. चार पावलं चालली तरी दम लागतो, रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून झोपते. येत्या गुरुवारी सोलापूरला ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही म्हणून तिनं शपथ घातली आहे. फोनवर ‘ठणठणीत हाय’ म्हणते, ते खोटं आहे. डॉक्टर धोका आहे म्हणाले. कागदावर सही मला करायची आहे आणि मला भीती वाटते. पोस्टानं उशीर होईल, म्हणून या पत्राचा फोटो काढून मोबाईलवर पाठवतोय. हे कुणाला वाचून दाखवू नकोस. बुधवारच्या आत ये.

वाट पाहणारा, तुझाच,
आप्पा