राजहंसाच्या ठशाचं लोणी

एल्डर क्रीक, आयोवा
जून १८७९, शुक्रवार

वडील बहीण हुल्डाताई हिला धाकट्या लेमुएलचा मनापासून नमस्कार. तुझा खोकला बसला का? दाजींचा गुडघा आता पाऊस सांगतो की अजून नुसताच दुखतो? इकडे माझी प्रकृती ठणठणीत आहे. वजन मात्र वाढलंय, त्याचं कारण पुढे ओघात येईल (कारण लोणी आहे, पण घाई नको). मागच्या पत्रात तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, दुकान कसं चाललंय. आणि दोन, आईची चांदीची अंगठी तुझ्या पेटीत काळी पडत चालली आहे, तिचं काय करायचं. पहिल्याचं उत्तर चांगलं लांबलचक देतो, म्हणजे दुसऱ्याला कागद उरणार नाही.

तर दुकान. वसंताच्या तोंडाशी माझ्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, ब्लॉजेट नावाच्या गृहस्थानं दुकान थाटलं. लाल अक्षरांत पाटी: रोख द्या, स्वस्त न्या. उधारी नाही, अंड्यांच्या बदल्यात साखर नाही, शेगडीभोवती बाकं नाहीत. माणूस आत शिरतो, पैसे मोजतो, पुडकं घेतो आणि निघतो. तंबाखू थुंकायलासुद्धा थांबत नाही. आता तूच सांग, आमच्या गावात रोख पैसा बाळगणारी माणसं ती किती? स्टेशनमास्तर, डॉक्टर, गिरणीवाला आणि शाळेतली मास्तरीण. बाकीच्यांना पैसा दिसतो तो मका आणि डुकरं विकल्यावर, आणि तोही उभ्या उभ्या येऊन जातो. एवढ्या चार माणसांवर आम्ही दोन दुकानदार टपलेले. पगाराच्या दिवशी स्टेशनमास्तर रस्त्याच्या मधोमध चालत आला. या दारात मी हसतोय, त्या दारात ब्लॉजेट हसतोय. बिचाऱ्याला कुणाकडे बघावं कळेना, शेवटी तो न्हाव्याकडे शिरला. मग पुढे हेच चालू झालं. त्याच्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि गावात सुखी असा एक न्हावीच.

मीही हात दाखवून अवलक्षण केलं. म्हटलं, आपणही रोखीचं दुकान करू. वर्तमानपत्रात छापून आणलं, रंगाऱ्याकडून पाटी करवली: आजपासून फक्त रोख, अदलाबदल बंद. ब्लॉजेटपेक्षा अक्षर मोठं हवं म्हणून हट्ट धरला, तर पाटी इतकी मोठी झाली की खिडकीवरच ठोकावी लागली. त्या दिवसापासून दुकानात भर दुपारी रॉकेलचा दिवा. अंधारात मी एका बाईला काकवीऐवजी डांबर दिलं (तिनं ते परत आणलं, पण अर्धं, उरलेलं कुठे गेलं हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही). शेगडीजवळचं बाकही काढून टाकलं. फिनिअसकाका, जे मी दुकान घेतल्यापासून त्या बाकावर बसलेले होते आणि ज्यांनी तेवढ्या काळात फक्त बिस्किटाच्या पिंपातली फुटकी बिस्किटं खाल्ली, ते आता दारातल्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की लेमुएलला शहराचा वारा लागला.

हे सगळं मी सोसलं असतं, ताई. पण शनिवार आला.

शनिवारी बायका लोणी घेऊन येतात, हे तुला ठाऊक आहे. तिकडे काय रीत आहे देव जाणे. इकडे कुणाच्या लोण्याला नाव ठेवायचं नसतं. बाईच्या लोण्याला वाईट म्हटलं की तिच्या स्वयंपाकघराला, तिच्या आईला आणि तिच्या गायीला वाईट म्हटल्यासारखं होतं, आणि मग ते सगळं खानदान पलीकडच्या दुकानात जातं. म्हणून आम्ही सगळ्यांचं लोणी एकाच भावानं घेतो, "बरं जमलंय" म्हणतो, आणि जे खाण्याजोगं नसतं ते मागच्या खोलीत साबणवाल्यासाठीच्या पिंपात टाकतो. मेकमबाईंचं लोणी खरं तर त्या पिंपाचं पहिलं मानकरी.

मेकमबाई म्हणजे ड्रुसिला मेकम. नवरा गेल्यावर ओढ्याकाठी दोन गायी घेऊन एकटी राहते. ओढ्याकाठच्या कुरणात रानकांदा इतका माजलाय की गायी दुसरं काही खात नसाव्यात. त्या लोण्याला कांद्याचा असा वास येतो की टोपली वळणावर असतानाच मला कळतं कोण येतंय. तिला स्वतःला मात्र काही कळत नाही; मागे मोठा ताप आला त्यात तिचा वास आणि चव दोन्ही गेली. गावात सगळ्यांना हे माहीत आहे आणि तिला कुणी सांगत नाही. लोण्यावर ती लाकडी साच्यानं राजहंसाचा ठसा उमटवते. साच्यात हंसाची मान तुटली आहे, त्यामुळे तो बटाटा वाटतो. तर हा बटाटा घेऊन ती दर शनिवारी माझ्या फळीपाशी उभी राहायची, टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला करायची आणि म्हणायची, "चाखा ट्रस्क, आणि खरं सांगा." मी चाखायचो आणि म्हणायचो, "या खेपेला बरं जमलंय." ती म्हणायची, "दर खेपेला हेच म्हणता." मग ती साखर घ्यायची, सुतळी घ्यायची, वाटेवर कुठे चिखल झालाय ते सांगायची, आणि जायची. एवढंच. तू म्हणशील यात काय आहे. काही नाही. पण तिचं लोणी मी त्या पिंपात कधी टाकलेलं नाही, ताई. मी ते खातो. रोज सकाळी, पावावर.

पाटी लागल्यावरच्या पहिल्या शनिवारी ती आली, रस्त्यातच थांबली, आणि ती पाटी तिनं वरपासून खालपर्यंत वाचली. अक्षर मोठं असल्यामुळे वाचायला वेळ लागला असेल, किंवा मलाच तसं वाटलं असेल. मग आतल्या दिशेनं, अनोळखी माणसाला करतात तशी, जराशी मान लववून ती टोपलीसकट परत गेली. मी दिव्याच्या उजेडात उभा होतो, हातात तराजू धरून. ताई, मला रडू आलं असं मी लिहिणार नाही, कारण तू पत्र दाजींना वाचून दाखवतेस.

पाटी काढावी, तर वर्तमानपत्रात छापलेलं, ब्लॉजेट हसेल. म्हणून मी एक युक्ती काढली (माझ्या युक्त्यांबद्दल बाबा काय म्हणायचे ते इथे आठवायची गरज नाही). फिनिअसकाकांच्या हाती रोख पैसे दिले आणि सांगितलं, मेकमबाईंकडे जा, लोणी विकत घ्या, स्वतःसाठी म्हणून सांगा. त्यांची दलाली तंबाखूत. म्हणजे काय होईल, तिच्या हाती पैसा येईल, ती रोखीची गिऱ्हाईक होईल, आणि मानानं माझ्या दुकानात येईल. काका लोणी घेऊन आले. हंसही आला. आणि त्याच शनिवारी मेकमबाई गावात आली, माझा पैसा रुमालात बांधून माझ्या दारावरून गेली, आणि सरळ ब्लॉजेटच्या दुकानात शिरली. बाहेर आली तेव्हा हातात निळ्या चिटाचं कापड. मी लोणच्याच्या पिंपामागे वाकून बघत होतो.

मला वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. इकडे काकांना चेव चढलेला. पहिल्यांदा ते म्हणाले लोणी स्वतःला हवंय, मग म्हणाले भाचीच्या लग्नाला, आणि भाचीचं लग्न संपल्यावर म्हणाले बुटांना चोळायला. (काकांना भाची नाही. बूट आहेत, पण ते बघून तसं वाटत नाही.) माझ्या घरात लोणीच लोणी, आणि एके दिवशी ब्लॉजेट रस्ता ओलांडून शेजारधर्म पाळायला आला. म्हणाला, "ट्रस्क, ती ओढ्यावरची विधवा माझं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक झाली बघा. दर आठवड्याला रोख. कुठून आणते कोण जाणे." मी म्हटलं, कष्टाळू बाई आहे. तो म्हणाला, "तुमच्याकडे कांद्याचा वास येतोय हो." मी म्हटलं, कांदे आलेत.

गेल्या शनिवारी मात्र ती आली. पाटीकडे न बघता, टोपलीसकट, थेट आत. दुकानात मी आणि पायरीवर काका. तिनं टोपली फळीवर ठेवली आणि मला विचारलं, "फिनिअसकाकांनी जन्मात रोख देऊन काही घेतलेलं या गावानं पाहिलंय का?" काका पायरीवरून उठून कुठेतरी निघून गेले, त्यांना इतकं भरभर चालता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "मग कळलं होतं, तर पलीकडे का जात होता?" ती म्हणाली, "तुमचाच पैसा घ्यायचा, तुमच्याच गल्ल्यात आणून टाकायचा, आणि वर कापड घेऊन घरी जायचं? त्याला आमच्यात भीक म्हणतात. तिथे निदान व्यवहार होता. पाटी काढा असं मी म्हणत नाही, ट्रस्क. दुकान तुमचं, पाटी तुमची. पण मला लोण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही." मग ती हळू म्हणाली, "स्टेशनवर शिकागोचा दलाल येतो. सगळ्या बायकांचं लोणी रोखीनं घेतो. माझी टोपली मात्र लांबूनच परत करतो. काय चुकतंय ते कुणी सांगत नाही. तुम्ही तरी सांगा." माझ्या जिभेवर आलं होतं, ताई. पण मी म्हटलं, "दलालाला काय कळतंय? बरं जमलंय." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, साखर घेतली, सुतळी घेतली, आणि गेली.

त्याच संध्याकाळी मी पाटी उतरवली. पाटी लोणच्याच्या पिंपावर पडली आणि शिडी माझ्यावर. पाटीचं लाकूड चांगलं होतं म्हणून तीच उलटी करून शेगडीजवळ बाक केलं. त्यावर आता काका बसतात, 'फक्त रोख'च्या अगदी वर. स्टेशनमास्तर आता ब्लॉजेटकडे जातो आणि केस वाढवतो. दुकानात पुन्हा उजेड येतो. धंदा म्हणशील तर तेलही गेलं आणि तूपही गेलं, पण मला फारसं वाईट वाटत नाही. एकूण सगळं छान चाललंय, काळजीचं कारण नाही, आणि तुझ्याकडून मला काहीही नकोय. दाजींना नमस्कार.

तुझा,
लेमुएल

ता. क. काहीही नको म्हटलं, पण दाजींचे चुलतभाऊ शिकागोत साबण करतात ना? त्यांच्या नावावर मागच्या खोलीतल्या लोण्याची तीन पिंपं रेल्वेनं पाठवली आहेत. स्टेशनात उघडू नयेत असं कळव.

ता. क. दुसरा. आपल्या लहानपणी टेकडीखालच्या कुरणात रानकांदा माजायचा तेव्हा आई गायींचं काहीतरी करायची. दूध काढायच्या आधी त्यांना कुरणातून आणून सुकं गवत घालायची, पण किती आधी ते मला आठवत नाही. सायीचंही काही करायची, तापवायची बहुतेक. तुला नक्की ठाऊक असणार. ते सगळं मला नीट लिही. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. तिसरा. नको, लिहू नकोस. पूर्ण विचार केला. लोणी चांगलं झालं की दलाल तिला रोख देईल, आणि हाती रोख आली की तिनं माझ्याकडे का यावं? चीट पलीकडे दोन सेंटांनी स्वस्त आहे. आहे ते बरं आहे. मला कांद्याची सवय झाली आहे.

ता. क. चौथा, शनिवार. टपालाची गाडी उशिरा आहे म्हणून पाकीट अजून बंद केलेलं नाही. ती आत्ताच येऊन गेली. फडकं बाजूला केलं, म्हणाली, "चाखा." मी चाखलं, 'बरं' म्हणायला तोंड उघडलं, आणि कसं कोण जाणे, म्हणून गेलो, "कांदा लागतो, मेकमबाई. कुरणातला." तिनं फडकं टोपलीवर परत ओढलं. मग विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "पहिल्यापासून." ती म्हणाली, "मग घेत का होतात?" ताई, एवढी वर्षं दुकानात उभा आहे, दर वस्तूचा भाव मला तोंडपाठ आहे, आणि एवढ्याशा प्रश्नाला उत्तर नाही. मी तराजू पुसायला घेतला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "सुचलं की सांगा," आणि निघून गेली. साखर न घेता. टोपली इथेच फळीवर आहे. विसरली की ठेवून गेली, मला समजत नाही. मी मघापासून तिच्याकडेच बघत बसलोय.

तेव्हा आईचा उपाय लिहून पाठव, आणि लगेच पाठव. तो आला की टोपली पोचवायला मीच ओढ्यावर जाईन आणि तिला सगळं सांगेन. लोणी चांगलं होऊ दे, दलाल घेऊ दे, तिच्या हाती रोख येऊ दे. त्यानंतरही एखाद्या शनिवारी ती रस्ता न ओलांडता माझ्याच दारात आली, तर ती लोण्यासाठी आलेली नसेल, एवढं तरी मला कळेल.

अंगठी घासून ठेव. पाठवू नकोस. नुसती घासून ठेव.