देवघराबाहेरची वर्षं

माय, किन्हीराजा गावात आपल्या घरी तू भाकरी थापत होतीस, तो दिवस तुला आठवतो का? माझ्या लग्नाचं दुसरंच वर्ष. अंगावरून पांढरं जाते, ओटीपोट दुखते, लघवीले आग होते, एवढं मी हळूच सांगितलं, तरी तुझा हात थांबला नाही. "बाईच्या अंगाले हे राह्यतेच. डॉक्टरकडं गेलो तं तो म्हणीन जावयालेबी आणा. कोणत्या तोंडानं सांगू मी त्याहिले?" भाकर उलटवलीस आणि वर बजावलंस, "अन् असं असलं की देवाले शिवू नको." निघताना जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या घड्या पिशवीत भरून दिल्यास. इतक्या घड्या तुझ्याकडे तयार कशा, हे मी तेव्हा विचारलं नाही.

तुझा शब्द मी पाळला. दुखणं जायचं, पुन्हा यायचं. आलं की मी देवघराच्या उंबऱ्याबाहेरून हात जोडायची आणि दिवा हे लावायचे, अंघोळ करून, मोठ्यानं आरती म्हणत. तू गेलीस, त्यानंतर तुझ्या श्राद्धाचं पानसुद्धा कितीदा मी नाही, भावजयीनं वाढलं.

यंदा रिसोडच्या डॉक्टरनं गर्भाची पिशवीच काढा म्हटलं. तेवढा खर्च जिवावर आला म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी पडदा ओढून तपासलं, रक्त घेतलं. "काकू, कधीपासून आहे हे?" बचत गटाची वही मी लिहिते, तारखा माझ्या पक्क्या असतात. पटकन म्हणाले, "हे ऊसतोडीवरून आले, त्याच्या पुढच्या महिन्यापासून." बोलले, आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

"हा नवरा-बायकोत एकमेकांकडून लागणारा आजार आहे. पिशवी काढून जात नसते," त्या म्हणाल्या आणि दोन पाकिटं दिली. "एक काकांचं. दोघांनी संगंच घ्या, नाही तं पुन्हा तेच. अन् जेवून घ्यायच्या गोळ्या."

"उद्या चतुर्थी हाय."

"देव रागावला तं माह्यं नाव सांगा."

चोवीस वर्षं, माय. आजार यांनी आणला आणि उंबऱ्याबाहेर मी उभी राहिले. तू जावयाचा मान राखलास. बाबाही दरसाल बाहेर कामाला जात. त्या घड्या तुझ्याच होत्या ना? तुझी कीव यायला हवी, पण मला आधी राग येतो.

काल मी उपास मोडला. जेवले, आणि त्रास चालू असताना पहिल्यांदाच आत जाऊन दिवा लावला. यांनी ओसरीवरून विचारलं, "आज तू कशी काय आत?"

सांगायचं ठरवूनच बसले होते. तोंडातून निघालं, "तुमाले उशीर होऊन राह्यला होता म्हणून."

दोन्ही पाकिटं देवाच्या फोटोमागं आहेत. माझंही अजून उघडलेलं नाही.