दोनशे बारा वेळा सुखरूप

१ सप्टेंबर १९७१
आजपासून रोजनिशी. पुढे चरित्रकाराची सोय. नागापूरला आबासाहेबांच्या कारखान्यात पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या जुन्या प्रेसवर माझं संशोधन सुरू. नाव 'हातरक्षक'. कामगाराचा हात आत गेला की प्रकाशाचा डोळा तो पाहणार, कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिलेला माझा प्रोग्रॅम निर्णय घेणार, लाल दिवा लागणार, प्रेस थांबणार. विलायती मासिकात याला सॉफ्टवेअर म्हणतात. अख्ख्या नगरमध्ये हा शब्द माहीत असलेला मी एकटाच.
संकल्प: महिन्याभरात शंभर टक्के भरवसा. मग पुण्याच्या परिषदेत निबंध.

४ सप्टेंबर
हाताऐवजी काकडी वापरतो. दहा घातल्या, दहाही चेचल्या. प्रेस फार जुनी आहे. घरी कोशिंबीर.

६ सप्टेंबर
बारापैकी बारा चेचल्या. प्रोग्रॅममध्ये चूक असणं शक्य नाही, तो मी लिहिलाय. व्होल्टेजचा दोष. घरी कोशिंबीर. सौ. पुष्पावती म्हणाली, दही पुरत नाही, तुमचं संशोधन दुधी भोपळ्यावर का होत नाही? विज्ञानाला घरातूनच विरोध.

९ सप्टेंबर
प्रेस चालवणारा कामगार कारभारी म्हणाला, साहेब, मी मागं भिंतीवरच्या मेन खटक्यापाशी हुबा ऱ्हातो, काय झालं तर मानूस आसावं. हा पाथर्डीकडचा. ऊसतोडीचा कोयता टाकून इथे आला, आणि याच प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. राहा म्हटलं. प्रयोगाला साक्षीदार हवाच.
पट्टीवरचं सातवं भोक बुजवलं. काकडी आत गेली, आणि प्रेस जागच्या जागी थांबली! दहापैकी दहा वेळा! दोष सातव्या भोकात होता. घरी कोशिंबीर नाही. पुष्पावतीला अभिमान वाटला असावा, तिनं दही झाकून ठेवलं.

१७ सप्टेंबर, दुपारी
११० पैकी ११०. आता तीच काकडी दिवसभर पुरते. लाल दिवा मात्र लागत नाही. उलट प्रेस थांबते तेव्हा सगळेच दिवे विझतात. किरकोळ. कारभारी रोज घामाघूम का होतो कळत नाही. नुसतं बघायचं तर काम.

२३ सप्टेंबर
कारभारी नवरात्रासाठी दोन दिवस गावी. तो नसताना काकडी चेचली. ती जून होती. मोजली नाही.

२६ सप्टेंबर
२१२ पैकी २१२. परवा खंडेनवमीच्या पूजेला आबासाहेब पुण्याचे पाहुणे आणणार. तेव्हाच प्रात्यक्षिक, आणि माझ्या स्वतःच्या हाताचं! जमलं की सहाही प्रेसवर हातरक्षक.
कारभारीला सांगितलं तर पांढराफटक पडला. म्हणाला, त्या दिशी नगं साहेब. पूजेतल्या हत्याराला त्या दिशी हात लावत न्हाईत. खटक्यालाबी न्हाई. मी म्हटलं, तू लावू नकोस, तुझं कामच काय आहे?

२८ सप्टेंबर, खंडेनवमी
प्रेसला झेंडूचा हार. खटक्याला हळदकुंकू. कारभारी त्याच्या शेजारी, हात पाठीमागे घट्ट धरून. मी छोटंसं भाषण केलं, पेडल दाबलं, हात आत घातला. लोखंड सावकाश खाली येऊ लागलं. आलं, आणखी आलं. हात काढायचं सुचेना. फक्त ओरडलो.
प्रेस थांबली. घड्याळाची काच गेली, मनगट राहिलं.
आबासाहेबांनी विचारलं, कुणी थांबवली? कारभारी खटका धरून उभे होते, बोटांना कुंकू. म्हणाले, मीच. आजवर समद्या येळंला मीच. साहेबांचा जीव लई गुतला हुता, सांगायला जीभ रेटंना. मग खटक्याच्या पाया पडले, चुकलं म्हणाले. मला म्हणाले, माजी दोन गेली. तुमची धाच्या धा ऱ्हाऊ द्या.
पाहुण्यांसमोर रडलो. निबंधात यासाठी रकाना नाही.

३० सप्टेंबर
आबासाहेबांचा हुकूम: हातरक्षक उतरवा, प्रत्येक प्रेसला हाताशी खटका बसवा.
उतरवण्यापूर्वी एक शेवटची चाचणी. सातवं भोक पुन्हा पाडलं. कारभारींना चहाला पाठवलं. एकट्यानं दहा काकड्या घातल्या.
घरी आलो. पिशवी पुष्पावतीच्या हातात दिली. दही आधीच लावलेलं होतं.