संजीवन अडवणारी बाई

बाबा, परवा बुलढाण्याहून फोन आला होता. जिल्ह्यातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या मिळून प्रार्थनेला बसणार आहेत. मेहकरात ही चाल तुम्ही पाडली, म्हणून तुमच्याबद्दल मी दोन शब्द बोलावेत, असं नव्या पाळकसाहेबांचं म्हणणं. मी पाठदुखी पुढे केली. खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग उतरलेला नाही आणि चारचौघांत मेलेल्या बापाचे वाभाडे काढायचे नसतात, एवढं वळण आईनं मला लावलंय.

एसटीची कंडक्टरकी करून तुम्ही संध्याकाळी घरी यायचात आणि खाकी शर्टावरच आम्हाला संजीवनाच्या, म्हणजे प्रार्थनेनं अख्खी गावं देवाकडे वळल्याच्या, गोष्टी सांगायला बसायचात. दूरदेशीच्या मोठ्या शहरात एका माणसानं दुपारच्या प्रार्थनेला लोकांना बोलावलं. पहिला अर्धा तास तो एकटाच बसला होता आणि पुढे शहरात बसायला जागा पुरेना. कुठे कोळशाच्या खाणीतल्या मजुरांनी शिव्या देणं सोडलं, तर शिव्यांनाच सरावलेल्या त्यांच्या घोड्यांना हुकूमच कळेना. ही गोष्ट ऐकून आई पदर तोंडाला लावून हसायची. आणि आपल्याच महाराष्ट्रात, आश्रमातल्या पोरक्या मुलींनी गटागटानं प्रार्थना केली आणि तिथे जागृती आली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तुम्ही बोट वर करायचात. "एकचित्त! एकाचं जरी मन फाटलं, तं सारं अडते." गोष्टी खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. पण त्यांतून नेमकं तेवढंच बोट तुम्ही उचललंत आणि घरातल्या माणसावर रोखलंत.

शुक्रवारी आपल्या पुढच्या खोलीत सतरंजी पडायची. प्रार्थनेआधीचा तुमचा नियम असा, की ज्याच्या मनात दुसऱ्याबद्दल अढी असेल त्यानं उठून त्याचा उजवा हात धरायचा आणि सगळ्यांदेखत 'क्षमा केली' म्हणायचं. तोवर प्रार्थना सुरू होत नसे. आईची अढी कोणावर होती, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. दारूपायी मेलेल्या माणसाला दफनभूमीत जागा नाही, असं म्हणून मंडळीच्या मोठ्या पंचांनी मामाचं प्रेत फाटकावरून परत पाठवलं होतं. गावाबाहेर नाल्याच्या काठाला खड्डा खणावा लागला. त्या गोष्टीला वर्षही झालं नव्हतं आणि तुम्ही आईला चुलीपुढून उठवून बाहेर आणलंत. तिच्या हाताला कणीक होती. ती पुसायलाही तुम्ही तिला वेळ दिला नाही. पंचांचा हात धरून ती 'क्षमा केली' म्हणाली. तिचा आवाज दारात उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू आला नाही.

संजीवन काही आलं नाही. चार घरची माणसं तेवढीच राहिली, पुढे त्यातलीही गळाली. मग तुम्ही जेवताना म्हणायला लागलात, "तुनं मनापासून नाही म्हटलं. तुह्यापायी तालुका अडून राह्यला." रागावून नव्हे, मीठ मागावं तितक्या सहज म्हणायचात! तुम्ही विसरून जायचात आणि ती ताट तसंच ठेवून उठायची. एका बाईच्या माथी अख्खा तालुका मारताना तुमची जीभ कशी झडली नाही, बाबा?

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. माझा हात धरून विचारायची, "खरंच माह्यामुळं अडलं काय वं ते?" मी नाही म्हणायची, पण तुमच्या शब्दापुढे माझ्या शब्दाची काय पत! एका रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतले लोक तिच्यासाठी प्रार्थना करायला घरी आले. काठी टेकत मोठे पंचही आले, पार वाकलेले. त्यांनी हात पुढे केला. आईनं आपला हात गोधडीत ओढून घेतला.

"नाही करत मी माफ," ती म्हणाली. "माह्या भावाले फाटकावरून परत धाडलं यानं."

आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.  तुमच्या नियमानं सगळ्यांनी उठून घरी जायला हवं होतं. पण एक म्हातारी प्रार्थना करू लागली, मग दुसरी, मग सगळेच आपापल्या शब्दांत, एकदम. पंच खाली बसून लहान पोरासारखे रडत होते. आई भिंतीकडेच तोंड करून होती. आणि मी, जिनं कित्येक वर्षांत गुडघे टेकले नव्हते, ती खाली कधी बसले ते मला कळलंच नाही. अंगावर काटा होता, रडू आवरत नव्हतं आणि छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटत होतं. तुम्ही गोष्टींत सांगायचात ना, तसंच.

तालुका काही जागा झाला नाही. दारूची दुकानं दुसऱ्या दिवशीही उघडीच होती. पण त्या खोलीत जे आलं, ते एक मन फाटलेलं असताना आणि दुसरं, माझं, विश्वास नसलेलं असताना आलं. मी ते आईच्या कानात सांगितलं. "मंग तुह्या बापाचं चुकलंच म्हणायचं," ती म्हणाली आणि गाढ झोपली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

बुलढाण्याला मी जाणार नाही. हा कागदही घरातच राहील. त्या रविवारी तुम्ही हे पाहायला नव्हतात, याचा मला आनंद झाला होता. तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही; वाटलं, तुम्ही असायला हवे होतात.