शंभरातली नव्वद

६ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो. गेल्या महिन्यात भोंगा सहा वेळा वाजला. सहाही वेळा तुझ्या आईला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून, चार मजले उतरवून तळघरात नेलं. लिफ्ट बंद आहे ती बंदच आहे. खुर्चीची एक बाजू मी धरतो, दुसरी तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळवाले. आमचं दोघांचं वय मिळून दीडशेच्या घरात, त्यामुळे ही वरात बघण्यासारखी असते. पण लकव्याची बाजू कठड्याला लागली की ती कळवळते. परवा माझं मनगट धरून म्हणाली, मला वरच राहू द्या, आपल्या पोराने आभाळाला कुंपण घातलंय ना.

पेपरात रोज येतं, शत्रूच्या शंभरातली नव्वद क्षेपणास्त्रं वाटेतच पाडू. मी चौतीस वर्षं दुकानांतली वजनमापं तपासली. जो दुकानदार चोख माप म्हणून जास्त ओरडतो, त्याचा काटा आधी बघावा, एवढी अक्कल मला त्या नोकरीने दिली. म्हणून विचारतो, तुमच्या चाचणीत दुकानदाराला आधी कळवलेलं असतं का? फोनवर विचारलं की तू हवापाण्यावर जातोस, म्हणून हे पत्र. आईला खाली न्यावं, की तिचे हाल वाचवावेत? ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, मला एवढंच हवंय. हो की नाही ते लिही.

जेवण वेळेवर कर. लोभ आहेच, वाढवलास तर भार होणार नाही.

तुझा,
बाबा

१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे टपालाने पाठवत नाही. माझा मित्र तिकडे येतोय, त्याच्या हाती देतो. वाचून फाडून टाका. बाहेर बोलणार नाही अशी सही मी करून दिलेली आहे. कळलं तर नोकरी जाईल, आणि नुसत्या नोकरीवर भागलं तर नशीब.

आईला खाली न्या. दर वेळी न्या.

तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. दुकानदाराला आधी कळवलेलं असतं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठून येणार, सगळं ठाऊक असतं. ढग आले तर चाचणी पुढे ढकलतो. समोरून जे खोटं लक्ष्य सोडतात, त्याच्या पोटात मी इथे आहे म्हणून सांगणारा छोटा ट्रान्समीटर असतो. तो मीच बसवतो, बाबा. एवढं करून बारा चाचण्यांत सहा नेम लागले. मग नव्वद आले कुठून? तर शत्रूच्या एकावर आपली चार सोडायची, चारातलं एक तरी लागेलच, असा कागदावरचा हिशेब. पण चौघांची नजर एकच आहे. शत्रूने सोबत एखादा चकचकीत फुगा सोडला आणि एक फसलं, की चारही फसतात. शिवाय एकावर चार सोडायला तेवढी आहेत कुठे? एकाच्या किमतीत तुमच्या अख्ख्या वसाहतीच्या लिफ्ट चालू होतील आणि मजल्यामजल्यावर पक्की खोली बांधून होईल.

मीटिंगमध्ये हे एकदा बोललो. साहेब म्हणाले, लोक निर्धास्त झोपतात, ती झोप फुकट येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची काही हजार कोटींची आहे.

आईला यातलं काही सांगू नका. खाली नेताना सरकारी नियम आहे म्हणा.

तुमच्या दोघांच्या पायांवर डोकं ठेवतो. माया असू द्या.

आपला,
बारक्या

१७ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र परवा, पंधरा तारखेला, पत्र देऊन गेला. उद्या तो परततोय, हे त्याच्याच हाती देतो. दोनदा वाचलं, फाडलं आणि तुकडे चार निरनिराळ्या कचरापेट्यांत टाकले. म्हातारपणी हेरगिरी. आईला नियम सांगितला. ती म्हणाली, नियम करणाऱ्याला एकदा या खुर्चीत बांधून जिना उतरवा.

घड्याळवाल्यांचे गुडघे सुजलेत, त्यामुळे खुर्चीची दुसरी बाजू आता दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर धरणार आहे. काल घड्याळवाले विचारत होते, आता माझं काम नाही, तर मी उतरायलाच हवं का, तुमचा मुलगा तिथे आहे, तो काय म्हणतो. मी म्हणालो, पेपरात येतं तेच म्हणतो, शंभरातली नव्वद. त्यांना बरं वाटलं. तू घोर करू नकोस. माझ्या तोंडून काही बाहेर पडणार नाही.

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.

तुझा,
बाबा

५ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

आम्ही दोघं जिवंत आहोत. फोन बंद पडलेत, म्हणून हे आधी लिहितो.

परवा, तीन तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास भोंगा झाला. ड्रायव्हरने आणि मी आईला खाली आणलं. टेकतोय न टेकतोय तोच इमारत हादरली, दिवे गेले. वर जाऊन पाहिलं तर तिसऱ्या मजल्याची रस्त्याकडची भिंतच नव्हती. घड्याळवाले त्यांच्या कामाच्या टेबलाशी होते. डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलेलं नव्हतं.

रेडिओवर सांगितलं, दहा आली, नऊ पाडली. शहरात तीन ठिकाणी पडलंय, ते मी चालत जाऊन बघून आलो. उरलेली दोन कोणाच्या हिशेबात धरायची ते तुझ्या साहेबांना विचार.

बारक्या, ते मला विचारून वर राहिले. पेपराच्या आकड्यावर मी तुझं नाव घातलं. मापात पाप करणारे किती पकडले मी, भर बाजारात त्यांची अब्रू काढली. खोटं वजन माहीत असून दुकान उघडं ठेवणारा इन्स्पेक्टर मात्र मीच निघालो. तुझी नोकरी राहावी म्हणून केलं, आणि ते खरंही आहे. पण त्याने काहीच हलकं होत नाही. मला जेवण जात नाही. तुझ्या आईला ते बहिणीकडे गेलेत म्हणून सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. तिला कळलंय.

काय लिहू आणखी. सांभाळून राहा.

बाबा

१० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात. मी कोणासाठी बसलो होतो? घराचे हप्ते, बढती, साहेबांची मर्जी. खरं सांगितलं ते माझ्या आईपुरतं. बाकीच्या जिन्यांवरही कोणाची तरी आई असेल, हे सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

आज बाराही चाचण्यांचे आकडे, त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीला धाडले, खाली नाव घालून, सही करून. हे पत्र उघड टपालाने टाकतोय. एकदोन दिवसांत मला न्यायला येतील. तुम्हाला ज्यांना सांगायचं असेल त्यांना आता सांगा. आईला सांगाल तेव्हा तिच्याजवळ बसून सांगा.

जमलं तर माझ्यावर रागावू नका.

आपला,
बारक्या

१६ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वकीलबाई म्हणाल्या, त्या हे तुला आत पोचवतील.

काल सगळ्या भाडेकरूंना तळमजल्यावर बोलावलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. मग नव्वद खोटे हे मला मार्चपासून, तुझ्या पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं, हेही सांगितलं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ड्रायव्हर उठून बाहेर गेला. दोघंतिघं म्हणाले, नव्वदच खरे, तुमचा मुलगा शत्रूला मिळालेला असणार. त्यांना झोप हवी आहे. त्यांच्याशी काय भांडू? आईला जवळ बसून सांगितलं. ती म्हणाली, तिथे गारठा असेल, त्याला स्वेटर पोचवा. वकीलबाईंकडे दिलाय.

घड्याळवाल्यांची बहीण त्यांचं सामान न्यायला आली होती. ती शेवटपर्यंत मागे उभी होती. सगळे गेल्यावर जवळ आली आणि एवढंच विचारलं, की ते पहिलं पत्र मला कोणत्या तारखेला मिळालं. मी सांगितलं, पंधरा मार्च. तिने तीन एप्रिलपर्यंत बोटांवर मोजलं. म्हणाली, म्हणजे एकोणीस दिवस होते तुमच्याकडे. आणि पेटी उचलून गेली.

तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.

बाबा