शांतिलालभाऊचं रॅचेट

गजूच्या बाबांले,

आपल्या गजूची सुमी म्हनते, पत्राच्या माथ्यावर 'प्रिय' लिहा लागते. आता ह्या वयात मी तुमाले प्रिय म्हनू? तुमी असते त पोट धरून हसले असते. मनातल्या मनात समजून घ्या.

चारच्या येस्टीनं कारंज्याले जाऊन राह्यली मी. आता कुठं दोन वाजले. पिशवी भरून दारात ठेवली, अन् तीनदा फाट्यावर जाऊन रस्ता पाहून आली. गजू म्हने, "माय, तू पाह्यल्यानं गाडी लवकर येनार हाय का?" दूध तापाले ठेवलं, ते उतू गेलं. सूनबाई म्हने, "आत्याबाई, तुमी एका जाग्यावर बसा, मंग मी कामं करते." म्हनून सुमीची वही घेऊन बसली. दुसरीपर्यंतचं शिक्षन माहं, अक्षर असंच येईल. पन तुमाले सांगितल्याबिगर मी शांतिलालभाऊच्या दारात जाऊ कशी?

नाव वाचूनच भिवया वर गेल्या ना? जाऊ द्या. आज ऐकाच लागते.

ते रॅचेट आठवते का, नट खोलाचा दातेरी पाना? आठवनार नाही कसं! भाऊच्या कारंज्याच्या लोखंडाच्या दुकानातून आनलं होतं तुमी. भाऊनं खास तुमच्यासाठी मुंबईहून मागवलेलं. जुनं होतंच तुमच्यापाशी, जाडजूड, मोठ्या दाताचं. नटावर बसवाच्या गोटीले लावून फिरवलं की कड् कड् कड् आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. मी समजून घेत जाव की मिस्तरी कामाले लागले, आता भाकर टाकाले घाई नाही. नव्याचे दात बारीक अन् दाट. फिरवलं त नुसतं चिर्रर्र, रातकिड्यावानी. पह्यल्या दिवशी तुमी सांजवेळपर्यंत ओट्यावर बसून तेच फिरवून राह्यले होते. माह्या बांगड्या त कधी एवढ्या फिरवल्या नाही!

तुमचं अन् भाऊचं तेव्हाच भांडन सुरू झालं, पन गोडीचं. तुमी म्हना, "शांत्या, एवढं मऊ चालनारं लोखंड जोर कसा खाईल? बारीक दात म्हंजे म्हाताऱ्याचे दात." भाऊ म्हनत, "अरे, बारीक असले तरी एका वेळी चारजन मिळून धरतात. तुह्या जुन्याचा एकटाच पहेलवान!" मी चहा घेऊन उभी, अन् दोन बुढे लोखंडाच्या दातावरून हमरीतुमरीवर. सुमीच्या बारशातही तुमी दोघं कोपऱ्यात बसून तेच बोलून राह्यले होते. लय हसाले ये मले.

मंग ती दिवाळी झाली. एका शेतातल्या इंजिनाचा नट गच्च बसला होता, तुमी दांड्याले पाइप लावून जोर दिला, अन् नवं रॅचेट सटकलं. बोटांची सालटी निघाली, अंगठा फुगून गेला. हाताले फडकं बांधून तुमी घरी आले, अन् मले विचारलं, "याले कोनी हात लावला होता का?"

मी भाकर थापून राह्यली होती. तुमचे डोये असे लाल! मी म्हनलं, "मी कायले तुमच्या लोखंडाले हात लावू?"

खोटं बोलली मी, गजूचे बाबा.

हात लावला होता. खंडेनवमीले सारी हत्यारं पूजेले मांडाची होती. तुमी फुलं आनाले गेले. बाकीचे पाने मी नुसते पुसले, पन रॅचेट नवं, लाडाचं! म्हनून त्याले सोड्याच्या पान्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, अन् घानीवरून आनलेलं ताजं जवसाचं तेल त्याच्या फटीतून पोटभर पाजलं. बैलगाडीच्या जुवाले जवस, दाराच्या चौकटीले जवस, मंग लोखंडाले काहून नाही? वरून हळदकुंकू लावलं. कसं चमकून राह्यलं होतं!

तुमी फडक्यातल्या हातानं येस्टीत बसले. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. त्या गर्दीत भाऊले म्हनले, "नकली माल दिला तुनं. दोस्ताले फसवलं." भाऊ म्हनत राह्यले, "ठेव इथं, मी खोलून पाहतो, नाही त दुसरं देतो." तुमी ऐकलं का? "आजपासून माह्या दारात पाय ठेवू नको," म्हनून रॅचेट घेऊन परत आले, अन् टिनाच्या डब्यात टाकून दिलं. चार गावचे मिस्तरी तुमच्या शब्दावर चालनारे! कोनी भाऊकडून पाना घेईना. गजू सांगते, आता त्या दुकानात पान्यांची फळीच नाही. दोर, बादल्या अन् खिळे विकतात.

तुमी गेले त्या दिवशी भाऊ आले होते. तुमाले ठावं नसन. गल्लीच्या तोंडाशी अनवानी उभे राह्यले, तुमाले नेईपर्यंत. घरात पाय ठेवला नाही. तुमचा शब्द पाळला त्यायनं! मी पाह्यलं, अन् बोलावलं नाही. काहून नाही बोलावलं, हे मलेही समजत नाही.

आज सकाळी सुमीनं तो डबा उपसला. मॅट्रिकले बसली आता ती, अन् तिले सारं खोलून पाहाची खोड. कोनाची खोड, विचारू नका! चार स्क्रू काढले, वरची चकती उचलली, अन् नाक लावून म्हने, "आजी, यात जवसाचं तेल कोनं टाकलं? वाळून डिंक झाला. दातात अडकनारी खिट्टी चिकटून बसली, धरीन कशी?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसली.

सुमीनं घासलेटात घालून सारं धुतलं, इंजिनाचं तेल थेंबभर सोडलं. चिर्रर्र! तोच आवाज. गजू म्हने, "आवाजानं काय होते? जोर पाहू." अंगनात दुरुस्तीले एक इंजिन आलेलं हायच. आंधी जुनं लावलं. जोराले पक्कं, पन अडचनीच्या जागी दांडा हालाले जागा नाही, एक कड्ही वाजेना. मंग नवं लावलं. बोटभर हाललं की धरते! पाइप घातला, गजू पुरा लटकला. मी डोये मिटून घेतले. नट कर्र करून सुटला, अन् रॅचेट जागचं हाललं नाही. गजू घाम पुसत म्हने, "माय, जोराले दोन्ही सारखे. चालाले हे सरस."

मी टाळ्या वाजवल्या! खरंच. सूनबाई पाहतच राह्यली. मले एवढा आनंद, की भाऊ खरे निघाले, त्यायनं आपल्याले फसवलं नव्हतं! अन् त्याच घडीले समजलं, चूक माही होती; तवापासून पाय थांबून नाही राह्यले.

पन एक विचारू? एवढे मोठे मिस्तरी तुमी. अख्खं इंजिन खोलून अंगनभर मांडत होते. दोस्ती तोडाच्या आंधी चार स्क्रू खोलाले काय झालं होतं? तुमचे डोये लाल नसते, त मी खोटं बोलली असती का? असा कसा तुमचा राग, की बायको खरं बोलाले भ्याव! हे तुमच्या समोर कधी म्हनलं नाही. आता म्हनून टाकलं.

सुमी हाका मारून राह्यली, गाडीची वेळ झाली. एवढं वचन देते. आज तिकडं बाजार हाय, दुकानात चार लोक असतीनच. तुमी जेवढ्या मोठ्यानं बोलले होते, तेवढ्याच मोठ्यानं मी बोलीन: माल चोख होता, तेल मी घातलं, खोटं मी बोलली. अन् तुमच्या वतीनं माफीही मागीन. विचारत नाही तुमाले, सांगून राह्यली. राग आला त येऊ द्या, आता काय करसान! भाऊ "बसा वहिनी" म्हनले त बसीन. नाही म्हनले त उभ्यानंच बोलीन. पन सारं बोलल्याबिगर परतीच्या गाडीत पाय ठेवनार नाही.

तुमची,
अनसूया