सोबत्याची खुर्ची

तीर्थस्वरूप दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

आधी समोरच्याची प्रकृती विचारावी आणि मग आपली सांगावी, असं गावच्या शाळेत पत्रलेखन शिकवताना गुरुजींनी बजावलं होतं, म्हणून विचारतो. ताई फोनवर म्हणाली की निवृत्त झाल्यापासून तुम्ही मागच्या खोलीतच असता, ताट पुढे केलं तर जेवता आणि काही विचारलं तर नुसती मान हलवता. (होकाराची की नकाराची, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिला ओळखता येत नाही म्हणे.) ज्या कंडक्टरचा आवाज भरल्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, तो माणूस आता जेवताना मीठसुद्धा मागत नाही, हे ऐकून मला कसंसंच झालं. पण तो तुमचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. हे पत्र माझ्या अडचणीचं आहे.

गेल्या वर्षी माझं असं झालं होतं की सगळं दिसायचं, पण आत काही पोचायचं नाही. लिफ्ट दुरुस्तीचं काम चालू होतं, हात बिनचूक चालत होते. सकाळी देवापुढे दिवाही वेळेवर लागायचा, पण हात जोडले की समोर कोणी नाही असं वाटायचं आणि त्याचं वाईटही वाटायचं नाही. (वाईट वाटलं असतं तर जरा बरं वाटलं असतं.) गोळ्या बदलून झाल्या, उपयोग झाला नाही. मग मनाच्या डॉक्टरीणबाईंनी केटामिनचं सुचवलं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तेच औषध, पण बेताचं. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, त्या अमलात तासभर पडून राहायचं आणि नंतर जे आठवेल त्यावर बाईंशी बोलायचं. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही आणि नुसत्या औषधाने भागत नाही, बोलावं लागतंच, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण बोलायचं टाळता येईल का, हे मीही पुन्हा पुन्हा विचारत होतो.

तिथला नियम असा की सोबत आपलं माणूस हवं. ते शेजारच्या खुर्चीत बसतं आणि नंतर आपल्याला घरी नेतं. आमची मंडळी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. म्हणून कामावरचा जोडीदार, ज्याला सगळे पाना म्हणतात, त्याला नेलं. पान्याने वाटेत मोबाइलवर वाचून मला धीर दिला की हे औषध घोड्यांनाही देतात आणि घोडे पुन्हा उठतात. तिथे बाईंनी त्याला बजावलं की बोलायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त जागं राहायचं. पहिल्या दोन गोष्टी त्याने उत्तम पाळल्या.

दंडात सुई टोचल्यावर थोड्याच वेळात मी एका लिफ्टमध्ये होतो. तिला मजले नव्हते. दोर नाही, वजन नाही, बटणं नाहीत, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याची काळजी वाटत नव्हती, यावरून औषध चढलं होतं हे समजून घ्या. मनात म्हटलं, आता देव भेटणार. (बाहेर बसलेल्या एका शिक्षिकेला म्हणे सोनेरी उजेड दिसला होता, त्यामुळे माझी अपेक्षा वाढलेली.) तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. बेअरिंग गेलंय हे मी ओळखलं आणि वंगण द्यायला उठायला लागलो. बाईंनी हळूच मला परत निजवलं आणि पान्याला हलवून जागं केलं. घरघर थांबली. मग त्या शांततेत अगदी स्पष्ट आवाज आला, "पुढे सरका, पुढे जागा आहे." दाजी, तो तुमचा आवाज होता. देवाची वाट बघत होतो आणि आलात तुम्ही, तेही खांद्याला पिशवी लावून. मी सरकलो. पुढे खरंच जागा होती. पट्टीखाली डोळे भिजले. किती महिन्यांनी, ते आठवत नाही.

त्या दिवशी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, कशावर सही करायची नाही, असाही नियम आहे. घरी नेताना पान्याने माझ्याकडून त्याच्या सगळ्या रविवारच्या पाळ्या कबूल करून घेतल्या. दुसऱ्या दिवशी मी नियम दाखवला, तेव्हा म्हणाला, "नियम तुला होता, मला नव्हता." त्यानंतरही बैठका झाल्या. एकदा मळमळलं, एकदा काहीच घडलं नाही. एकदम पालटलो असं म्हणणार नाही, पण हल्ली दिव्यासमोर बसलो की समोर कोणी आहे की नाही ते विचारायचं राहून जातं, आणि बसून होतं.

ताईला नमस्कार. बाकी सर्व ठीक.

आपला,
मेहुणा

ता. क. १ : अडचण सांगायची राहिली. येत्या गुरुवारी बैठक आहे आणि पान्यावर माझा भरवसा उरलेला नाही. सोबतीला तुम्ही या. नुसतं खुर्चीत बसायचंय, बोलावं लागणार नाही.

ता. क. २ : सोबत्यानेही सकाळपासून काही खायचं नाही, असा नियम आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवून देवापुढे बसलो, पण बसवेना, म्हणून पुन्हा फोडलं. माझ्या बैठका गेल्याच महिन्यात संपल्या. गुरुवारची वेळ तुमच्या नावाने घेतली आहे, ताईला ठाऊक आहे. उपासाचंही चुकलं. आत्ताच फोन करून विचारलं, पहिल्या दिवशी सुई नसते. बाई फक्त बोलतात आणि औषध द्यायचं की नाही, ते नंतर ठरवतात. तेव्हा पोटभर खाऊन या. यायचंच नसेल तर मला फोन करून तसं सांगा, हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण मोठ्याने द्या, म्हणजे स्वयंपाकघरात ताईलाही ऐकू जातील. आणि आलात, तर खुर्चीत मी बसेन. मी घोरत नाही.